यूएसबी चालत नाही, म्हणून नवा बोर्ड टाकून देऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि नाशिकमध्ये जुन्या डेस्कटॉपमध्ये नवा मदरबोर्ड (म्हणजे बोर्ड) आणि प्रोसेसर बसवून घ्यायची घाई सुरू झाली. कॅबिनेट जुनंच, हार्डडिस्क जुनीच, फक्त बोर्ड नवा. अशा मशीनवर यूएसबी पोर्ट रुसले की हमखास एक मेसेज पुढे येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अपग्रेडनंतर यूएसबी बंद म्हणजे बोर्ड शॉर्ट, तो बदला. नाहीतर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कमी वॉटचा, तो बदला. तरी नाही जमलं तर विंडोज फॉरमॅट करा. निळ्या (यूएसबी ३.० च्या) पोर्टमध्ये जुना माउस-कीबोर्ड लावू नका, पोर्ट जळतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर बोर्ड गेलाच.

हे वाचून सेवा केंद्र चालवणारी, सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमधली, अडत्यांकडे हिशेब लिहिणारी माणसं नको तिथे पैसे घालतात. काहींचा डेटाही जातो. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बोर्ड शॉर्ट आहे, हा पहिला दावा. बोर्डाला हात लावण्याआधी मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा. तिथे कीबोर्ड चालला, तर त्या पोर्टला करंट मिळतोय आणि बोर्डाला कीबोर्ड दिसतोय. मग दोष विंडोजच्या बाजूला शोधायचा. बायोसमध्येही चालला नाही, तर मागच्या सगळ्या पोर्टांत फिरवून बघा. मागचे चालतात आणि फक्त पुढचे बंद, तर बहुतेक वेळा बोर्डाचा काही दोष नसतो. कॅबिनेटमधून येणारी वायर नीट बसलेली नसते.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. मशीन बंद करा, प्लग काढा, साइडचं झाकण उघडा आणि टॉर्च धरा. पुढच्या निळ्या पोर्टांची जाड, ताठ वायर बोर्डावरच्या १९ पिनांच्या हेडरमध्ये (वायर जोडायच्या पिनांच्या गठ्ठ्यात) जाते. ती तिरकी दाबली की एखादी पिन आडवी होते, आणि वरून सॉकेट व्यवस्थित बसल्यासारखंच दिसतं. जुन्या यूएसबी २.० च्या हेडरला ९ पिना असतात. ऑडिओच्या हेडरलाही ९ च. फक्त रिकामी जागा वेगळ्या ठिकाणी असते. म्हणून जोर लावून वायर चुकीच्या हेडरवर चढवली जाते. काही जुन्या कॅबिनेटांत तर एकेका पिनेची सुटी वायर येते. त्यातली पाच व्होल्टची वायर ग्राउंडच्या जागी गेली, तर मात्र खरंच नुकसान होतं. बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृती समोर ठेवल्याशिवाय त्या वायरींना हात लावू नका, आणि लावू देऊ नका.

एसएमपीएसच्या वॉटचा हिशेब सोपा आहे. यूएसबी ३.० च्या पोर्टातून साधारणपणे ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे साडेचार वॉट. माउस-कीबोर्ड त्यातलं अगदी थोडं घेतात. ४५० वॉटच्या एसएमपीएसला ते जड जाईल कसं? जुन्या एसएमपीएसची ५ व्होल्टची लाइनच ढासळलेली असू शकते, हे खरं. पण ते ओळखायला दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून बघतात, आधी विकत घेत नाहीत.

फॉरमॅटचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. जुन्या डिस्कवरच्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर, मुळात नाहीत. इंटेलने २०१५ पासूनच्या चिपसेटमधून (बोर्डावरच्या मुख्य चिपमधून) जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला, म्हणून अशा बोर्डावर विंडोज ७ च्या लॉगिन स्क्रीनला माउस-कीबोर्ड दोन्ही मुके होतात. तिथे नवी विंडोज टाकावी लागेल, पण डिस्क दुसऱ्या मशीनला लावून टॅलीचा डेटा आणि फोटो काढून घेतल्यावरच. विंडोज १० किंवा ११ असेल, तर आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा, यूएसबी कंट्रोलरच्या जुन्या फिक्या नोंदी काढा आणि मशीन रीस्टार्ट करा. मग बोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर टाका. यूएसबी हबच्या पॉवरच्या टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, तीही काढा. डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी) दिसत नाही म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: सर्टिफिकेट टोकनच्या आतच असतं. हवा असतो तो त्याचा ड्रायव्हर.

एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या ५०० सिरीज चिपसेटच्या बोर्डांवर यूएसबी मधूनच तुटायचं. कंपनीने ते २०२१ मध्ये मान्य केलं आणि उपाय आला बायोस अपडेटमधून. त्यासाठी बोर्ड बदलण्याची गरज नव्हती.

निळ्या पोर्टात जुना माउस लावला की पोर्ट जळतो, हे साफ खोटं. जुन्या आणि निळ्या, दोन्ही पोर्टांत व्होल्टेज ५ च. ९०० मिलिअँपिअर हा आकडा पोर्ट किती देऊ शकतो त्याचा आहे. माउस त्याला लागतं तेवढंच घेतो. मात्र निळ्या पोर्टात पेनड्राइव्ह आणि शेजारीच वायरलेस माउसचा डोंगल असेल, तर माउस अडखळू शकतो. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवलं होतं. डोंगल छोट्या एक्स्टेन्शनवर लांब घ्या.

झिणझिण्यांचं कारण भिंतीत असतं. जुन्या नाशकात, पंचवटीतल्या वाड्यांत कित्येक ठिकाणी सॉकेटला अर्थिंगच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून किंचित करंट पत्र्यावर येतो आणि त्याला जायला वाट मिळत नाही. बोर्ड बदलून तो थांबणार नाही. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. तोवर प्रिंटर आणि सीपीयू एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवा आणि यूएसबी केबल दोन्ही बंद असतानाच जोडा, कारण चालू मशीनला जोडताना उडणाऱ्या ठिणगीने पोर्ट जाऊ शकतो.

बोर्ड कधीच खराब निघत नाही, असं नाही. पुढच्या सगळ्या वायरी काढल्या, मागे फक्त कीबोर्ड ठेवला, आणि तरी स्क्रीनवर ओव्हर करंटची सूचना येऊन मशीन बंद होत असेल, किंवा कीबोर्ड बदलूनही बायोसमध्ये एकही पोर्ट चालत नसेल, तर बोर्ड दुकानात न्या. बॉक्स आणि बिल सोबत घ्या. देण्याआधी प्रोसेसरचं सॉकेट आणि यूएसबीचे हेडर यांचे जवळून फोटो काढा. वाकलेली पिन दिसली की वॉरंटी नाकारली जाते. ती तुमच्याकडे असताना सरळ होती, हे दाखवायला ते फोटो लागतील.