गाठ जाळली म्हणून नव्हे, कड कच्ची राहिली म्हणून

लिव्हर कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांकडे एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘लिव्हरच्या गाठीला सुई टोचून ती जाळू नका. उष्णता लागली की कॅन्सर चवताळतो, हे परदेशी संशोधनात सिद्ध झालंय. सुई टोचली त्या वाटेने तो बाहेर येतो. जाळलेली गाठ महिन्याभरात दुप्पट होते. त्यापेक्षा गुळवेलीचा काढा घ्या. हॉस्पिटलवाले पैशासाठी पुन्हा पुन्हा जाळत राहतात.’

मेसेज सपशेल खोटा असता तर दोन ओळींत निकाली निघाला असता. पण यात ‘ध’चा ‘मा’ झालाय. मूळ शास्त्रीय वाक्य असं आहे: अपुऱ्या उष्णतेतून वाचलेल्या कॅन्सरपेशी जास्त आक्रमक होऊ शकतात. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला ‘अपुऱ्या’ हा एकच शब्द गाळला आणि अर्थ उलटला. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. इथे बोलतोय ते लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरबद्दल, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा किंवा एचसीसीबद्दल. आतड्यातून लिव्हरमध्ये आलेल्या गाठींचं गणित वेगळं असतं.

‘उष्णता लागली की कॅन्सर चवताळतो’

किती उष्णता, किती वेळ आणि कुठपर्यंत, या तीन प्रश्नांशिवाय हे वाक्य निरर्थक आहे. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशीतली प्रथिनं गोठतात, उकडलेल्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखी, आणि पेशी जवळजवळ तत्क्षणी मरते. ५० अंशांच्या आसपास तेच व्हायला काही मिनिटं लागतात. ४२ ते ४५ अंशांवर मात्र बऱ्याच पेशी हा शेक सहन करून जगतात.

सुईने गाठ जाळण्याला ॲब्लेशन म्हणतात. त्यातल्या रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनमध्ये, म्हणजे आरएफएमध्ये, सुईच्या टोकातून साधारण ४५० ते ५०० किलोहर्ट्झचा उलटसुलट प्रवाह सोडतात. तो मांड्यांवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून परत जातो. सुईभोवतीचे आयन त्या प्रवाहाबरोबर थरथरतात आणि त्या घर्षणातून उष्णता तयार होते. मायक्रोवेव्ह ॲब्लेशनला पट्ट्या लागत नाहीत. त्यात ९१५ किंवा २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी असतात आणि तापमान आरएफएपेक्षा लवकर आणि जास्त चढतं. दोन्हींत मधला गाभा पूर्ण मरतो. बाहेरच्या बाजूला तापमान उतरत जातं आणि शेवटी एक पातळ कडं नुसतं होरपळलेलं राहतं. हे कडं निरोगी लिव्हरमध्ये पडलं तर काहीच बिघडत नाही. ते गाठीच्या आत पडलं की बिघडतं.

म्हणूनच गाठीच्या चारही बाजूंनी निदान ५ मिलिमीटर, जमल्यास १० मिलिमीटर जास्तीचा भाग जाळायचा असा नियम आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करून पाहा. ३ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचं आकारमान साधारण १४ मिलिलिटर, चहाच्या चमच्याने जेमतेम तीन चमचे. सगळीकडून ५ मिलिमीटर वाढवले की गोळा ४ सेंटिमीटरचा होतो आणि आकारमान ३३ मिलिलिटरच्या पुढे जातं. १० मिलिमीटर वाढवले तर ६५. एका साध्या आरएफए सुईने एका जागी साधारण १२ मिनिटांत जळणारा भाग ३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे ३ सेंटिमीटरच्या गाठीत मधोमध एक सुई घालून एकदा जाळलं, तर गाठ पुरी झाली असं वाटतं आणि कड कच्ची राहते. जळालेले भाग एकमेकांवर चढतील अशा बेताने दोन-तीन जागी जाळावं लागतं, किंवा एकदम अनेक सुया लावाव्या लागतात.

कड कच्ची राहण्याचं दुसरं कारण शेजारून वाहणारं रक्त. ३ मिलिमीटरपेक्षा मोठी रक्तवाहिनी गाठीला लागून असेल, तर तिच्यातलं रक्त त्या बाजूची उष्णता सतत वाहून नेतं. वाहत्या नळाखाली धरलेलं भांडं एका बाजूने तापतच नाही, तसं. उरलेल्या पेशी नेमक्या त्या वाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात, आणि ती पोर्टल व्हेनची, म्हणजे आतड्याकडून लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या मोठ्या वाहिनीची, फांदी असेल तर लिव्हरच्या त्याच भागात पुढे पसरायला त्यांना तयार रस्ता मिळतो. मायक्रोवेव्हवर या वाहत्या रक्ताचा परिणाम कमी होतो, हा त्याचा मोठा फायदा.

तिसरं कारण बाहेरच्याला कधी कळत नाही. जाळायला सुरुवात झाली की ऊतींमधून वाफेचे बुडबुडे निघतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा ढग पसरतो. ढगाच्या मागचं काही दिसत नाही. त्यामुळे आधी सर्वांत खोल भाग जाळायचा आणि मग सुई वर घेत यायचं, हा क्रम. उलट केलं तर दुसरी सुई अंदाजाने बसते. आणि तो पांढरा ढग म्हणजे जळालेला भाग नव्हे. ढगाने गाठ झाकली म्हणजे गाठ मेली, असं समजणारा फसतो.

चौथं कारण म्हणजे भीती. गाठीला आतडं, पित्ताशय किंवा श्वासपटल खेटून असेल तर हात आखडता घेतला जातो. यावर उपाय आहे: मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून तो अवयव दूर सारतात. आरएफएमध्ये सलाइन वापरत नाहीत, कारण खारट पाण्यातून वीज वाहते.

‘परदेशी संशोधनात सिद्ध’

संशोधन आहे, आणि चांगलं आहे. प्रयोगशाळेत एचसीसीच्या पेशींना ४७ अंशांच्या आसपास काही मिनिटं शेक देतात, वाचलेल्या पेशी वाढवतात आणि त्यांची वागणूक बघतात. उंदरांमध्ये गाठ मुद्दाम अर्धवट जाळतात. वाचलेल्या पेशींमध्ये उष्णतेचा धक्का झेलणारी एचएसपी ७०सारखी प्रथिनं वाढतात. ऑक्सिजन कमी पडल्याने एचआयएफ-१ अल्फा जागं होतं, त्यामागून नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं व्हीईजीएफ येतं. पेशी शेजारणीचा हात सोडून सरकायला लागतात. हे सगळं खरं. पण त्या प्रयोगांची अटच ‘अर्धवट’ अशी आहे. त्यावरून ‘जाळूच नका’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स अर्धा सोडल्याने जंतू शिरजोर होतात, म्हणून अँटिबायोटिक घेऊच नका असं सांगणं.

पूर्ण जाळलेल्या गाठींचं काय होतं? २००८ साली इटलीतून २१८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना २ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, उपचार आरएफए. त्यातल्या ९७.२ टक्के रुग्णांत ती जागा पुढेही स्वच्छ राहिली. ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकली असती अशा १०० जणांत पाच वर्षांचं जगण्याचं प्रमाण ६८.५ टक्के होतं. उष्णतेने कॅन्सर सरसकट चवताळत असता तर हे आकडे दिसलेच नसते. गाठ ३ सेंटिमीटरच्या पुढे गेली की मात्र पूर्ण जळण्याची शक्यता घटत जाते, आणि ५ सेंटिमीटरच्या गाठीला नुसत्या एका सुईने जाळायला निघालेल्या माणसाला थांबवून प्रश्न विचारलाच पाहिजे.

‘सुईच्या वाटेने कॅन्सर बाहेर येतो’

येऊ शकतो. २००१ साली बार्सिलोनाच्या एका गटाने ३२ पैकी ४ रुग्णांत, म्हणजे १२.५ टक्के, सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याचं दाखवलं तेव्हा खळबळ उडाली होती. भीतीचा मूळ आकडा बहुधा हाच. पण तो कुणाचा होता ते बघायला हवं: लिव्हरच्या पृष्ठभागालगतच्या गाठी, मूळ रूप फार हरवलेल्या आक्रमक पेशी, आणि रक्तात एएफपी हे लिव्हर कॅन्सरची चाहूल देणारं प्रथिन जास्त. २००५ साली इटलीत १,३१४ रुग्णांची पाहणी झाली तेव्हा असे १२ जण सापडले, ०.९ टक्के. आधी बायोप्सी झालेल्यांत धोका जास्त होता. हा तपशील मेसेजमध्ये कधीच नसतो. सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून लिव्हर घट्ट झालेलं, असलेल्या रुग्णात सीटी किंवा एमआरआयचं चित्र नमुनेदार असेल तर एचसीसीच्या निदानाला बायोप्सी लागतच नाही, त्यामुळे ‘खात्रीसाठी एकदा सुई घालून बघू’ हा आग्रह उगाच धरू नये.

धोका कमी कसा करतात, ते हातांच्या कामात आहे. पृष्ठभागावरच्या गाठीत सुई थेट खुपसायची नाही. एक-दोन सेंटिमीटर निरोगी लिव्हरमधून वाट काढून गाठीपर्यंत जायचं. एकदा घातलेली सुई जागा चुकली म्हणून पुन्हा पुन्हा मागेपुढे करायची नाही. ताकद एकदम चढवायची नाही, कारण आत वाफ कोंडली तर गाठ मक्याच्या लाहीसारखी फुटते, कधी तो फट् आवाज बाहेरही ऐकू येतो, आणि जिवंत पेशी दाबाने आजूबाजूला फेकल्या जातात. शेवटी सुई बाहेर काढताना ती गरम ठेवत सावकाश काढायची, म्हणजे वाट जळून बंद होते. रुजलेली गाठ सहसा काही महिन्यांनी बरगड्यांमध्ये किंवा पोटाच्या भिंतीत लागते आणि बऱ्याचदा कापून काढता येते.

‘जाळलेली गाठ महिन्याभरात दुप्पट’

हा गैरसमज रिपोर्ट वाचण्यातून होतो. आधीच्या रिपोर्टमध्ये २.५ सेंटिमीटर लिहिलेलं, महिन्याने ४ सेंटिमीटर. घरात रडारड. पण तो ४ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गाठ अधिक मुद्दाम जाळलेली कड, मेलेला भाग. तो तसाच दिसायला हवा. २.५ची गाठ महिन्याने २.५चीच दिसली, तर उलट कड घेतली होती का, असं विचारावं.

रिपोर्टमध्ये आकारापेक्षा एक गोष्ट शोधायची: धमनीच्या टप्प्यात, म्हणजे कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दाखवणारं औषध) दिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपासच्या चित्रांत, कडेला कुठे चमक आहे का. भोवती सारख्या जाडीचं बारीक, एकसंध वलय असेल तर ते भाजल्यावरची सूज, काही आठवड्यांत जातं. एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा किंवा बोंडासारखा जाड ठिपका चमकतो आणि पुढच्या टप्प्यात काळा पडतो, तर ती जिवंत उरलेली कड. यासाठी साधी सोनोग्राफी चालत नाही, कॉन्ट्रास्टशिवायचा सीटीही नाही. चार आठवड्यांच्या सुमाराला अनेक टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय हवा. आधी टीएसीई, म्हणजे गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडण्याचा उपचार, झालं असेल तर त्यातलं आत बसलेलं लिपिओडॉल हे तेल सीटीत स्वतःच पांढरं दिसतं आणि खालची चमक झाकून टाकतं, तेव्हा एमआरआय बरा. त्यानंतर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी. बहुतेक घरांत याच टप्प्यावर ढिलाई होते, कारण रुग्ण ठणठणीत असतो.

लिव्हरच्या दुसऱ्या टोकाला दीड-दोन वर्षांनी नवी गाठ दिसली, तर तिचा दोष सुईला देता येत नाही. सिरॉसिस झालेलं लिव्हर हे नापीक झालेलं शेत नव्हे, ते कॅन्सरसाठी पेरलेलं शेत आहे. शस्त्रक्रियेने गाठ कापून काढलेल्यांतही पाच वर्षांत साधारण ७० टक्के जणांत कॅन्सर परत दिसतो.

‘त्यापेक्षा गुळवेलीचा काढा’

याने गाठ जात नाही. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. आधीच सिरॉसिस असलेल्या माणसाने त्या वादाचा निकाल स्वतःच्या लिव्हरवर लावू नये.

‘पैशासाठी पुन्हा पुन्हा जाळतात’

महिन्याच्या स्कॅनमध्ये कड जिवंत दिसली तर दुसऱ्यांदा जाळणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो लवकर व्हावा. ‘तीन महिने थांबून बघू’ हा सल्ला इथे महागात पडतो, कारण वर सांगितलेल्या चवताळलेल्या पेशी त्याच कडेत आहेत. दोनदा प्रयत्न करूनही त्याच जागी चमक राहिली तर मात्र तीच सुई तिसऱ्यांदा घालण्यात अर्थ नाही. मोठ्या वाहिनीला खेटलेली गाठ असेल तर आरएफएऐवजी मायक्रोवेव्ह किंवा गाठीवरच नेमकं रोखलेलं रेडिएशन, ३ ते ५ सेंटिमीटरच्या गाठीला टीएसीई आणि ॲब्लेशन जोडीने, लिव्हर सशक्त असेल तर शस्त्रक्रिया, निकषांत बसत असेल तर प्रत्यारोपण, असे पर्याय मांडले गेले पाहिजेत. भेटीला जाताना उपचाराच्या आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. रेडिओलॉजिस्टला दोन्ही चित्रं शेजारी लावून सर्वांत कमी कड कोणत्या बाजूला पडली ते दाखवायला सांगा. गाठ परतलीच तर ती बहुतेकदा त्याच बाजूने परतते.