घर कुणी सोडायचं?

गेल्या थंडीत एका रात्री व्हिएन्नात आमच्या इमारतीत पोलीस आले. खालच्या मजल्यावरची बाई गाऊनवर कोट चढवून जिन्यात बसली होती, मांडीवर मूल. पोलिसांनी नवऱ्याला चार कपडे पिशवीत भरायला लावले, घराच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि त्यालाच बाहेर काढलं. बाई मुलाला घेऊन घरात गेली. दोन आठवडे त्याला घराच्या आणि तिच्या १०० मीटरच्या आत फिरकायला बंदी. ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलीस असं जागच्या जागी करू शकतात, आधी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

मला रात्रभर साताऱ्याच्या मावशींची लेक आठवत होती. मावशी माझ्या आईकडे धुणंभांडी करतात. पोरगी २२ वर्षांची, नवरा पिऊन मारतो. तीनदा माहेरी आली, तिन्ही वेळा समजूत घालून नांदायला पाठवली. मावशींना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसं. सहावीला अंथरूण कुठं घालायचं?

फोनवर घरी वाद चालतो तो लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांचा. भाऊ म्हणतो, फुकटची सवय लागते. वहिनी म्हणते, बाईच्या हातात चार पैसे आलेच पाहिजेत. मी वहिनीच्या बाजूची. पण या पोरीचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं, आणि बँकेचा मेसेज येतो तो फोनही त्याच्याच उशाशी.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं घर तिच्या नावावर नसलं तरी तिला तिथं राहायचा हक्क दिलाय, आणि मारणाऱ्या नवऱ्याला बाहेर काढायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असंही त्यात लिहिलंय. ही पोरगी चौकीत गेली तेव्हा मात्र तिला सांगितलं, घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या.

इथंही बायका नवऱ्यांच्या हातून मरतात, हे मी डोळ्यांआड करत नाही. पण त्या रात्री जिन्यातल्या बाईला ‘आता तू कुठं जाणार?’ असं कुणी विचारलं नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं, आईनं मावशींना. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “घर त्यानं सोडायचं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही की हो.”

सोमवारी मावशी लेकीला घेऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली अर्ज करायला मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाणार आहेत. आई सोबत आहे.