एक स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर: कार्ड आमचं चुकलं होतं

ताई, नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या दोन सेक्स टॉयबद्दलचा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला आणि सकाळी उठून पुन्हा वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. पहिली, बॉक्समधल्या कार्डावर लिहिल्याप्रमाणे दोन्ही वस्तू पाच मिनिटं उकळल्या आणि त्यातला व्हायब्रेटर कायमचा बंद पडला. दुसरी, मोटर नसलेल्या साध्या सिलिकॉनच्या वस्तूवर पांढरा थर चढला, तिला मसाल्याचा वासही लागला, म्हणजे माल डुप्लिकेट असणार. तिसरी, विचारायला फोन केला तर आमच्याकडच्या मुलानं "मॅडम, मला सांगता येणार नाही" म्हणून फोन ठेवला. शेवटी तुम्ही लिहिलंय, "विकताना लाज वाटत नाही, मग धुवायचं कसं ते सांगताना का वाटते?"

आधी एक तातडीचं. तो बंद पडलेला व्हायब्रेटर चार्जिंगला लावून बघू नका. आत लिथियमची बॅटरी आहे आणि ती उकळत्या पाण्यातून निघालीय. फुगलेली वाटली, गरम लागली किंवा विचित्र वास आला तर घरात ठेवू नका. तशी नसली तरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आता चुकीबद्दल. आम्ही एकच कार्ड छापून सगळ्या बॉक्समध्ये टाकत होतो. त्यावर एवढंच होतं: "वापरापूर्वी व नंतर ५ मिनिटे उकळून निर्जंतुक करावे." कुठली वस्तू उकळायची आणि कुठली नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. प्रूफ मीच वाचलं होतं. तुम्ही कार्डावर लिहिलं होतं तसंच केलंत, म्हणजे नुकसान आमच्यामुळे झालं. व्हायब्रेटर बदलून मिळेल, कुरिअरचा खर्च आमचा.

हे मला जास्त लागलं, कारण दुकान सुरू करण्याआधी मी अकरा वर्षं नर्स होते, त्यातली सहा ऑपरेशन थिएटरमध्ये. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, उपकरणांचा ड्रम बाहेर आला की त्यावरच्या चिकटपट्टीकडे आधी बघायचं. तिच्यावरच्या तिरक्या रेघा काळ्या झाल्या असतील तरच ड्रम पुढे जायचा. आमच्या सिस्टर नव्या मुलींना म्हणायच्या, "रेघ फिकट दिसली तर हात लावायचा नाही." निर्जंतुक या शब्दाचा अर्थ मी तिथे शिकले. १२१ अंश तापमान, १५ पौंडाचा दाब आणि वाफेत किमान १५ मिनिटं. तेवढ्यानं जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त बसलेलं त्यांचं रूप, तेसुद्धा मरतात. घरच्या पातेल्यात उकळून ते होत नाही. उकळल्यानं नेहमीचे जिवाणू, विषाणू, बुरशी मरतात, पण काही चिवट बीजाणू तगून राहतात. म्हणजे कार्डावर "निर्जंतुक" लिहिणंच चूक होतं आणि ते मला कळायला हवं होतं.

पण म्हणून कुणी घरच्या कुकरमध्ये शिट्ट्या काढू नयेत. ऑपरेशनला लागते तेवढी निर्जंतुकता इथे लागत नाही. योनीमध्ये स्वतःचे चांगले जिवाणू असतात. ते तिथलं आम्ल टिकवतात, निरोगी अवस्थेत पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ३.८ ते ४.५ च्या आसपास असतो. ते बिघडू न देणं महत्त्वाचं. बऱ्याचदा त्रास होतो तो जंतू राहिल्यामुळे नाही, तर साबण राहिल्यामुळे. लिंबाच्या वासाचा भांड्याचा बार, सुगंधी हँडवॉश, आंघोळीच्या पाण्यात घालतात ते जंतुनाशक, यातलं काहीही वस्तूवर राहिलं की खाज आणि जळजळ सुरू होते, आणि बाई समजते की वस्तूच वाईट निघाली.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि ते नीट तपासून सांगतेय. तुम्ही फोटोत दाखवलेली पांढरी कडी मी मोठी करून बघितली. ती पाण्याच्या पातळीवर गोल उमटलीय, बादलीला आतून उमटते तशी. तुमच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी आहे असं तुम्हीच लिहिलंय. सोमवारी मी दुकानामागच्या बोअरचं पाणी एका पातेल्यात घेतलं, दुसऱ्यात फिल्टरचं, आणि त्याच लॉटमधले दोन नग दहा-दहा मिनिटं उकळले. बोअरच्या पाण्यातल्यावर तसाच थर आला. नखानं खरवडला तर पिठासारखा निघाला. त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब सोडला तर बारीक फेस आला आणि डाग गेला. तो क्षार आहे, ताई. जड पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार उकळताना खाली बसतो. गीझरच्या कॉइलला आणि चहाच्या पातेल्याला लागतो तोच. सिलिकॉन खराब झालेलं नाही. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी करून फडक्यानं पुसा आणि साध्या पाण्यानं खळाळून धुवा. पुढच्या वेळी फिल्टरचं पाणी घ्या. थेट पाइपलाइनचं, काळम्मावाडी धरणाचं पाणी येत असेल तर तेही चालेल.

वासाचंही कारण आहे. सिलिकॉनला छिद्रं नसतात, त्यामुळे जंतू आत घुसून बसत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पण तेल आणि वास ते धरून ठेवतं. ज्या पातेल्यात कधी तांबडा रस्सा उकळला असेल, ते कितीही घासलं तरी त्याची तेलकट आठवण उरते आणि उकळताना ती सिलिकॉनमध्ये उतरते. ह्यासाठी एक छोटं स्टीलचं पातेलं वेगळं ठेवा. तुमच्या वस्तूचा वास घालवायला स्वच्छ पातेल्यात नव्या पाण्यात पुन्हा उकळा, मग दोन-चार दिवस हवेशीर जागी उघडी ठेवा. कपाटात डांबरगोळ्यांजवळ ठेवू नका, तोही वास लागतो.

माल डुप्लिकेट नाही, हे सांगताना एक गोष्ट मात्र मान्य करते. आमच्या पेजवर "मेडिकल ग्रेड" असं मोठ्या अक्षरात होतं. पुरवठादाराच्या कागदावर "प्लॅटिनम क्युअर्ड सिलिकॉन" (म्हणजे प्लॅटिनम वापरून घट्ट केलेलं सिलिकॉन) एवढंच आहे. ते चांगलं आहे, पण आमच्या जाहिरातीतला शब्द त्याहून मोठा होता. तो काल काढला.

आता कार्डावर जे असायला हवं होतं, ते इथेच सांगते, कारण तुमच्यासारखं आणखी कुणी उकळायला ठेवलं असेल.

मोटर, बॅटरी, चार्जिंगची पिन नसलेली, पूर्ण सिलिकॉनची वस्तू असेल तरच उकळा. आधी कोमट पाणी आणि बिनवासाच्या सौम्य साबणानं धुवा. वाळलेला थर राहिला तर उकळूनही त्याच्याखालचे जंतू वाचू शकतात, त्यामुळे धुणं हे उकळण्यापेक्षाही महत्त्वाचं. पातेल्याच्या तळाशी सुती फडकं घाला. सिलिकॉन दोनशे अंशांपर्यंत सहज टिकतं, पण पाणी आटून तळ कोरडा पडला तर आच त्याच्याही पुढे जाते. पाणी खळखळून उकळायला लागल्यापासून ५ ते १० मिनिटं पुरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यानं काही बिघडत नाही, नेहमीचे जंतू त्याच्या बरंच आधी मरतात. सांडशीनं दाबून काढू नका, चरा पडतो आणि चऱ्यात घाण राहते. गॅस बंद करून पाणी निवू द्या, मग हातानं काढा.

मोटर असलेली वस्तू कधीच उकळायची नाही, वॉटरप्रूफ असली तरी. बॉक्सवर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ साध्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास टिकेल एवढाच. गरम पाण्याची त्यात हमी नाही. कोमट पाणी, साबण, भरपूर धुणं, आणि चार्जिंगची पिन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय वायर लावायची नाही. ज्यांच्या खोक्यावर वॉटरप्रूफ असा शब्दच नाही, त्यांनी नळाखाली धरू नये, ओल्या फडक्यानं पुसावं.

उकळता येत नाही आणि जास्त खात्री हवी असेल, तर बिनवासाचं घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग. मोटर नसलेलं सिलिकॉन त्यात १० मिनिटं बुडवा. मोटर असेल तर त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून दहा मिनिटं ओलसर राहू द्या. मग वास जाईपर्यंत धुवा. आणि हे कळकळीनं सांगतेय: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीच मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो. वर व्हिनेगर सांगितलं आणि इथे ब्लीच सांगितलं, म्हणून दोन्ही एका दिवशी नको.

कोविडपासून घरोघरी सॅनिटायझरची बाटली आहे, बऱ्याच जणी तोच फवारतात. अल्कोहोलनं आतली नाजूक त्वचा झोंबते, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेला एचपीव्ही विषाणू त्यानं भरवशानं मरत नाही. धुतलेल्या वस्तूवरही एचपीव्हीचे अंश सापडल्याचं संशोधनात दिसलंय. म्हणून दोघांत एक वस्तू असेल तर प्रत्येकासाठी नवीन कंडोम चढवा. गुदमार्गाकडून योनीकडे जातानाही तेच, नाहीतर लघवीच्या जळजळीनं दवाखाना गाठावा लागतो.

लवचीक, जेलीसारख्या, स्वस्त वस्तू बहुतेक टीपीई (रबरासारखं मऊ प्लास्टिक) नाहीतर पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात. त्या उकळल्या की मऊ पडून बिघडतात, कधी वितळतातही, आणि छिद्रं असल्यामुळे कितीही धुतल्या तरी आत काही राहतंच. त्या कायम कंडोम लावूनच वापरा, चिकट वाटायला लागल्या की टाकून द्या. सिलिकॉनच्या वस्तूंना चिकटवून ठेवू नका. सिलिकॉनवर पाण्यावर आधारित लुब्रिकंटच वापरा, सिलिकॉनच्या लुब्रिकंटनं पृष्ठभाग चिकट होऊ शकतो. खोबरेल तेल लेटेक्सच्या कंडोमला फाडतं, तेही लक्षात असू द्या.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जुलैमध्ये चादर तीन दिवस वाळत नाही, तिथे वस्तू ओलसर असताना कापडी पिशवीत घातली की पिशवीवरच काळे ठिपके येतात. पंख्याखाली पूर्ण कोरडी करा, मगच पिशवीत ठेवा. पिशवीही धुवा.

राहिला तो फोन. तो मुलगा वीस वर्षांचा आहे, पॅकिंग बघतो. त्याला मी कधी काही शिकवलंच नव्हतं, म्हणून तो घाबरला. त्याला दोष नाही. तुम्हाला धीर करून फोन लावावा लागला असणार, हे मला कळतं. दवाखान्यात मी बघितलंय, बायका चार आठवडे खाज सोसतात पण "कशामुळे झालं?" विचारलं की भिंतीकडे बघतात. तुम्ही विचारलंत आणि आमच्याकडून उत्तर आलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते. या सोमवारपासून रोज दुपारी ४ ते ६ मी स्वतः फोनवर आहे. त्या वेळेत नाव विचारलं जाणार नाही.

जुनं कार्ड गेलेल्या सगळ्या ग्राहकांना दुरुस्तीचा मेसेज पाठवलाय. मेसेजच्या वरच्या ओळीत दुकानाचं नाव किंवा वस्तूचं नाव नाही, घरात कुणाचाही हात फोनला लागतो म्हणून.

वापरलेली वस्तू आम्हाला परत पाठवू नका, आम्ही वापरलेला माल परत घेत नाही आणि पुन्हा विकत नाही. फोटो पुरे. ऑर्डर नंबर आणि पत्ता इथे लिहू नका, फक्त मेसेजमधून कळवा. बदलीचा बॉक्स साध्या खाकी कागदात येईल, दोन वेगवेगळ्या वस्तूंची दोन वेगळी कार्डं आत असतील. ती छापायला टाकण्याआधी तुम्ही एकदा वाचून काही राहिलंय का ते सांगितलंत तर बरं होईल.