तुकड्यात कॅन्सर नाही, म्हणजे नेमका कुठे नाही?

माझ्या बायोप्सीवरच्या लेखाला तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं, कारण दोन्ही खेपांना मी स्वतःची बाजूच सावरत बसले होते. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे दादा म्हणू की ताई हेही कळत नाही. 'तुम्ही' एवढ्यावर भागवते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या मोठ्या भावाच्या मानेत गाठ आली. सुई घालून तपासणी झाली, रिपोर्ट आला 'कॅन्सर नाही'. पुढे गाठ वाढतच गेली. दीड महिन्याने अख्खी गाठ काढून तपासायला पाठवली, रिपोर्टला अकरा दिवस लागले आणि निघाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोडचा) एक कॅन्सर. मी लेखात लिहिलं होतं, 'बायोप्सीचा रिपोर्ट हा निदानातला शेवटचा शब्द.' त्यावर तुम्ही विचारलंत, मग पहिला शब्द खोटा होता का? की सुई लावल्यामुळेच गाठ चवताळली? आणि पेट स्कॅनमध्ये सगळं लख्ख दिसत असताना हा तुकड्यांचा खेळ हवा कशाला? अकरा दिवस आणि चाचण्यांवर चाचण्या हे सगळं बिल फुगवायला, असंही तुम्ही लिहिलंय.

'शेवटचा शब्द' हे माझं चुकलं. वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईने तरी असं लिहायला नको होतं. माझ्या टेबलावर येतो तो तुकडा. मी बोलते ती त्या तुकड्याबद्दल. माणसाच्या अंगात राहिलेल्या बाकीच्या गाठीबद्दल मला फक्त अंदाज बांधता येतो, आणि तो बरोबर यायचा तर तुकडा योग्य जागचा आणि पुरेसा असावा लागतो.

आता तुमच्या भावाबद्दल. पहिल्यांदा झाली ती एफएनएसी असणार. रुग्ण आणि नातेवाईक तिलाही बायोप्सीच म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे. एफएनएसीत बारीक सुईने गाठीतल्या सुट्या पेशी ओढून काचेवर पसरतात. पेशी दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही. भिंत पाडून विटा हातात दिल्या तर विटा कशा आहेत ते सांगता येईल, घराचा नकाशा सांगता येणार नाही, तसं काहीसं. थायरॉइडच्या गाठीत ही तपासणी फार उपयोगी पडते. स्तनाच्या गाठीत तिने कॅन्सरच्या पेशी ओळखता येतात, पण त्या दुधाच्या नळीच्या आतच आहेत की भिंत फोडून बाहेर पडल्यात हे कळत नाही. त्यासाठी जाड सुईने काढलेला, मांडणी शाबूत असलेला तुकडा लागतो.

हॉजकिनमध्ये तर ही अडचण टोकाला जाते. इतर बहुतेक कॅन्सरमध्ये गाठ म्हणजे मुख्यतः कॅन्सरच्याच पेशी. इथे उलटं. गाठीत बहुतांश गर्दी साध्या, निरोगी लढाऊ पेशींची असते आणि खऱ्या रोगाच्या मोठ्या पेशी शंभरात एखाद-दुसरी, कधी त्याहूनही कमी. या पेशींना रीड-स्टर्नबर्ग म्हणतात. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये त्यांची वर्णनं केली. नमुनेदार पेशीत दोन केंद्रकं शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकात एक ठसठशीत ठिपका. पाहिल्यावर वाटतं घुबड टक लावून बघतंय. ते घुबड सुईच्या वाटेत आलंच नाही, तर काचेवर राहते ती साधी गर्दी. तीच गर्दी घसा आल्यावर सुजलेल्या गाठीतही असते. तेव्हा 'प्रतिक्रियेमुळे वाढलेली लसिकाग्रंथी' असा रिपोर्ट जातो. काचेवर जे होतं त्यापुरता तो खरा असतो.

म्हणूनच लिम्फोमाची शंका असली की शक्यतो अख्खी ग्रंथी काढून तपासावी असं आम्ही म्हणतो. तुमच्या भावाच्या वेळी दीड महिना गेला तो मला खुपतो. सुईचा रिपोर्ट साधा आला आणि गाठ मात्र वाढतेय, तर दोन-तीन आठवड्यांत पुढचा तुकडा घ्यायला हवा होता. हे त्यांना कुणी सांगितलं की नाही हे मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर तुमचा राग रास्त आहे. फक्त तो सुईवर न काढता त्या दीड महिन्यावर काढा.

'या तुकड्यात नाही' आणि 'रोगच नाही' यांतल्या दरीत एक सम्राट पडला होता. १८८७ मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. स्वरतंतूवर वाढ दिसत होती. जर्मन डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली आणि शस्त्रक्रियेची तयारीही झाली. मग ब्रिटिश घसातज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी आले. त्यांनी वाढीचे तुकडे काढून तपासायला पाठवले ते थेट रुडॉल्फ विर्को यांच्याकडे. पेशींच्या पातळीवर रोग शोधायचा हा विचार ज्यांनी १८५८ मध्ये रुजवला, तेच हे विर्को. त्यांना तुकड्यांत कॅन्सर दिसला नाही. काढलेल्या तुकड्यांवरून संपूर्ण आजाराबद्दल खात्रीने बोलता येणार नाही, असा जपून शेराही त्यांनी मारला होता. पण शेरे कोण वाचतं? 'कॅन्सर नाही' तेवढं सगळ्यांना ऐकू आलं आणि शस्त्रक्रिया टळली. नोव्हेंबरपर्यंत कॅन्सर उघड झाला. फ्रेडरिक मार्च १८८८ मध्ये गादीवर बसले आणि ९९ दिवसांनी, १५ जूनला, गेले. शवविच्छेदनात स्वरयंत्राचा कॅन्सरच निघाला.

विर्कोंशी बरोबरी करायची नाही, पण असा एक शेरा माझ्याही नावावर आहे. सुरुवातीची वर्षं होती. जिभेवरच्या व्रणाचा तुकडा आला, फॉर्मवर एकच शब्द, 'व्रण'. बाटलीत फॉर्मॅलिन (तुकडा सडू नये म्हणून वापरायचं द्रावण) आणि तळाशी साबुदाण्याएवढा करडा तुकडा. चिमट्याने उचलला तर तो दाबाला चुरगळत होता. तिथेच मला कळायला हवं होतं, कारण जिवंत तुकडा चिमट्यात किंचित रबरासारखा लागतो. स्लाइडवर मेलेली ऊती, पू आणि जंतू. मी लिहिलं, 'कॅन्सर आढळला नाही.' दुसऱ्या दिवशी सर्जनचा फोन, 'मॅडम, व्रणाची कड दगडासारखी कडक आहे, मला पटत नाही.' विचारल्यावर कळलं की तुकडा व्रणाच्या मधोमध घेतला होता. मधे सगळं सडलेलं असतं, रोग कडेला जिवंत असतो. दुसरा तुकडा कडेचा आला, त्यात कॅन्सर भरलेला होता. तेव्हापासून अशा वेळी मी 'आढळला नाही' लिहून थांबत नाही. 'तुकडा प्रातिनिधिक नाही, कडेचा पुन्हा पाठवा' असं लिहिते आणि वर फोनही करते. तुमच्या हातात असा रिपोर्ट आला तर 'अपुरा', 'संशयास्पद', 'प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे' हे शब्द सोडून पुढे जाऊ नका. आमची पंचाईत आम्ही त्याच शब्दांत कबूल करत असतो.

गाठीला सुई लावली की ती चवताळते, हे मी आजीकडूनही ऐकलंय. हा समज हवेतून आलेला नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडल्याच्या नोंदी आहेत. यकृताच्या गाठींत जुन्या एकत्रित आकडेवारीप्रमाणे शंभरात सुमारे तिघांच्या बाबतीत सुईच्या मार्गात रोग रुजला. म्हणून तर काही ठिकाणी सुई लावायचीच नाही असा दंडक आहे. वृषणात संशयित गाठ असेल तर सुई न घालता जांघेतून छेद घेऊन वृषणच काढतात. बीजकोशात आवरणाच्या आत बंद असलेली संशयित गाठ कुणी टोचत नाही, कारण आवरण फुटलं तर रोगाचा टप्पा बदलतो. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरला बाहेरून हात लावत नाहीत. सिऱ्होसिस (यकृत निबर होण्याचा आजार) असलेल्या रुग्णाच्या यकृतातली गाठ सीटी किंवा एमआरआयमध्ये ठरावीक पद्धतीने रंगद्रव्य घेताना आणि सोडताना दिसली, तर तुकड्याशिवाय निदान मान्य होतं. हाडाच्या कॅन्सरमध्ये तर सुई कुठून घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणारा सर्जनच ठरवतो, म्हणजे नंतर गाठीबरोबर सुईची वाटही कापून काढता येते. कुणी भलतीकडून छेद घेऊन ठेवला की वाचू शकणारा पाय धोक्यात येतो. या बाबतीत तुमची भीती आणि डॉक्टरांची भीती एकच आहे.

पण ती मानेतल्या, स्तनातल्या, फुप्फुसातल्या प्रत्येक गाठीला लावून चालत नाही. सांडलेल्या बहुतेक पेशी मरतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर २०१५ मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी सुईची तपासणी झालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले असा आकडा) २२ महिने भरलं, न झालेल्यांचं १५. सुईने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ मी काढणार नाही, दोन गटांतले रुग्ण इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. पण सुईने कॅन्सर चवताळत असता तर आकडे असे दिसले नसते. आणि लिम्फोमा तर मुळात लसिकासंस्थेचा रोग, त्या पेशी तिथूनच फिरत असतात. तुमच्या भावाची गाठ सुईआधीही वाढतच होती. त्याशिवाय ते डॉक्टरकडे गेलेच नसते, नाही का?

पेट स्कॅनचं उत्तर छोटं आहे. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती जास्त खाणाऱ्या जागा उजळतात. कॅन्सर साखर खातो, पण क्षयाची गाठही खाते, सारकॉइडोसिस या कॅन्सर नसलेल्या, ग्रंथी सुजवणाऱ्या आजाराचीही खाते. मानेत आणि छातीत उजळलेल्या ग्रंथी या तिन्हींत दिसू शकतात. एकाचा उपाय केमो, दुसऱ्याचा सहा महिने क्षयाच्या गोळ्या, तिसऱ्याचा कधी स्टेरॉइड तर कधी नुसतं लक्ष ठेवणं. स्कॅन कुठे आहे ते दाखवतो, काय आहे ते बहुतेक वेळा तुकडाच सांगतो. कॅन्सरची चाहूल म्हणून रक्तात मोजतात त्या मार्करांचंही तेच. वयानुसार वाढलेल्या साध्या प्रोस्टेटनेही पीएसए हा प्रोस्टेटचा मार्कर चढतो. (स्टेरॉइडवरून आठवलं, लिम्फोमाची शंका असताना तुकडा घ्यायच्या आधी स्टेरॉइड सुरू झाले तर गाठ आक्रसते आणि स्लाइड वाचता येत नाही. असे तुकडे आले की हातपाय गळतात.)

राहिले अकरा दिवस. ग्रंथी आली की आधी ती कापून फॉर्मॅलिनमध्ये मुरू द्यावी लागते. फॉर्मॅलिन ताशी साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, घाई केली तर मधला भाग कच्चा राहतो. मग अल्कोहोलने पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं, आणि साधारण साठ अंशांवर वितळलेल्या पॅराफिन मेणात तुकडा बसवायचा. थंड झालेला मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमवर चढवून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. केसाच्या जाडीचेही वीसेक थर होतील इतके ते पातळ. काप एकाला एक चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात, ती रिबीन कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात आणि काच खालून घालून ती अलगद उचलायची. आमचा तंत्रज्ञ हे करताना श्वास रोखतो, फुंकर लागली तर काप उडून जातो. मग केंद्रकं निळी करणारं हिमॅटॉक्सिलिन, जे अजूनही एका झाडाच्या गाभ्यातून काढतात, आणि बाकीचं गुलाबी करणारं इओसिन.

इथपर्यंत दोन-तीन दिवस. घुबडासारखी पेशी दिसली तरी तिचे सोंगाडी भाऊबंद असतात. लिम्फोमाचे अनेक डझन प्रकार आहेत आणि उपचार प्रकाराप्रमाणे बदलतो. म्हणून त्याच ब्लॉकचे आणखी काप काढून त्यांवर एकेक प्रतिद्रव्य लावतात. पेशींवरच्या खुणांना सीडी आणि आकडा अशी नावं असतात; सीडी३० आणि सीडी१५ लागतात का, सीडी२०, सीडी३ कसे दिसतात, हे जुळवायचं. पहिल्या फेरीत उत्तर धूसर आलं तर दुसरी फेरी. तुम्हाला बिलात दिसलेल्या 'चाचण्यांवर चाचण्या' बहुधा याच. अकरा दिवस मलाही जास्त वाटतात, आठवड्यात व्हायला हवं होतं. पण त्यातले पाच-सहा दिवस कुणी झोपा काढत नव्हतं.

एक काम करा. पहिल्या सुईच्या स्लाइड आणि नंतरच्या ग्रंथीचे मेणाचे ब्लॉक, दोन्ही जपून ठेवायला त्या त्या लॅबला सांगा. पहिल्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायच्या असतील तर लेखी अर्ज करून मागता येतात. मोठी पेशी तिथे होती आणि नजरेतून सुटली, की ती काचेवर आलीच नव्हती, हे त्यातून कळेल. सुटली असेल तर तेही स्पष्ट म्हणायला हवं. ब्लॉक मात्र कुठेही पाठवण्याआधी त्यात पुरेसा भाग शिल्लक आहे का ते विचारा, पुढे कधी लागला तर तोच कामी येतो.

मूळ लेखातलं 'शेवटचा शब्द' मी आज सकाळी काढलं आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली. भावाची केमो कितवी चालू आहे? स्लाइडचं काय निघालं ते जमलं तर इथेच कळवा.