तांदळाचा काटा आणि पाच पट्टे

फोंड्याच्या बाजारातील ज्या भुसारी दुकानातून आम्ही कित्येक वर्षे उकडे तांदूळ आणतो, त्या दुकानाच्या काट्यावर एका रविवारी सकाळी मी आमच्या चार वर्षांच्या कन्येला उभे केले. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचले, "सोळा किलो चारशें" असे पुकारले आणि हाताला लागलेल्या सवयीने विचारले, "बांदून दिवूं?" तिला बांधूनच न्यायचे होते, मात्र कशात, हा प्रश्न त्यानंतर दीड महिना आमच्या घरात गाजत राहिला.

त्याचे निमित्त एका गायीचे झाले होते. पणजीहून घरी येताना बाणास्तारीजवळ ती रस्त्याच्या मधोमध निवांत रवंथ करत उभी होती, मी ब्रेक दाबला, आणि मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर बसलेली कन्या डब्यासकट पुढच्या दोन सीटांच्या मधून माझ्या कोपरापर्यंत आली. कोणाला काही लागले नाही. गाय तर हललीसुद्धा नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी चहाच्या वेळी मी कार सीट, म्हणजे मुलांना गाडीत बांधून बसवण्याचे आसन, घेण्याचा ठराव मांडला.

"तुला मी वाळपईहून फोंड्याला कदंबाच्या गाडीतून मांडीवर घेऊनच आणत होते," आई म्हणाली. "कुठे पडलास?"

मी तिला गणित समजावले. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर आतल्या माणसाला काही क्षण आपल्या वजनाच्या पंचवीस-तीस पट जोराने पुढे फेकले जाते. म्हणजे आमची सोळा किलोंची बाय त्या क्षणी आजीच्या हातांना चार-साडेचारशे किलोंची लागेल. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग मी तिला कशाला धरू? तीच मला धरील." शेवटी मी कायदा काढला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधले नसेल, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड होतो. चारशे किलोंना न बधलेली आई हजार रुपयांना तत्काळ बधली.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, हे येथे सांगणे भाग आहे. दुसऱ्यांच्या वह्यांतील बारीक अक्षरातले तपशील वाचून मी पोट भरतो, त्यामुळे पणजीच्या एका दुकानात लाल-काळ्या रंगाच्या भरभक्कम आसनाच्या खोक्यावर "९ ते ३६ किलो" असे ठळक वाचूनही मी विरघळलो, याची मला अजून लाज वाटते. छत्तीस किलो म्हणजे पोरगी सहावी-सातवीत जाईपर्यंत निश्चिंती! दुकानदारानेही "धा वर्सां चिंता ना, पात्रांव" असे अभय दिले होते. किंमत १४,००० रुपये. मी मनातल्या मनात तिला दहाने भागले, घसारा काढला आणि प्रसन्न झालो.

पैसे देण्यापूर्वी पुस्तिका उघडण्याची बुद्धी मला झाली, ती धंद्याच्या संस्कारामुळेच. सतराव्या पानावर, साबुदाण्याएवढ्या अक्षरांत, लिहिले होते की आसनाचा स्वतःचा हार्नेस, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून येऊन पोटापाशी एकाच बकलात अडकणारे ते पाच पट्टे, फक्त १८ किलोंपर्यंत वापरायचा असतो. त्यानंतर हार्नेस काढून ठेवायचा आणि गाडीचाच नेहमीचा पट्टा मुलाच्या अंगावरून घ्यायचा. आसनाचे काम उरते ते मुलाला उंच बसवून तो पट्टा मानेऐवजी खांद्यावर आणण्याचे. त्या व्यवस्थेला माझी काही हरकत नाही, मोठ्या मुलांसाठी ती योग्यच आहे. पण आमच्या कन्येला मी ओळखतो. गाडीच्या मोकळ्या पट्ट्यात तिला बसवले, तर कुंडईचे वळण येण्याआधी पट्टा काखेखाली, डोके खिडकीवर आणि पाय आजीच्या पिशवीत अशी तिची समाधी लागलेली असेल. पट्टा जागेवर असेल तरच त्याचा उपयोग, आणि पट्टा जागेवर ठेवून शांत बसण्याचे वय पाचव्या वर्षी येत नाही. काहींचे तर पन्नाशीतही येत नाही. आमचे मामा त्याचे उदाहरण आहेत.

तेव्हा प्रश्न आसन किती वर्षे टिकते हा नव्हता, हार्नेस किती वर्षे पुरतो हा होता. या वयात मूल वर्षाला साधारण दोन किलोंनी वाढते. काट्यावर १६ किलो ४०० ग्रॅम, मर्यादा १८; उरले एक किलो सहाशे ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेनऊ महिने. चौदा हजारांना भागले, तर पाच पट्ट्यांचे भाडे महिन्याला सुमारे १,४६० रुपये पडत होते. एवढ्या भाड्यात माझ्या लहानपणी फोंड्यात अख्खे घर मिळाले असते, असे आईचे मत.

मग हार्नेस २५ किलोंपर्यंत चालणाऱ्या आसनाचा शोध सुरू झाला. तशी आसने असतात, पण किंमत ३२,००० रुपये. तरी हिशेब मांडला: उरलेले साडेआठ किलो म्हणजे सव्वाचार वर्षे, आणि महिन्याला साधारण ६२० रुपये. महाग वस्तू निम्म्याहून स्वस्त पडते, हे पत्नीला पटवण्यासाठी मी जो तक्ता तयार केला, तो पाहून ती इतकेच म्हणाली, "ऑफिसात तुम्ही असलेच हिशेब मंजूर करता का हो?"

याच सुमारास मेहुण्याचा अमेरिकेहून फोन आला. तिकडे हार्नेस ६५ पौंडांपर्यंत, म्हणजे साडेएकोणतीस किलोंपर्यंत चालणारी आसने सर्रास मिळतात, आणि मोपाच्या विमानतळावर उतरताना तो एक घेऊन येण्यास तयार होता. मोह मोठा होता. पण तिकडच्या आसनाची परीक्षा तिकडच्या नियमांनी झालेली असते, आपल्याकडे पाहायची ती वर्तुळातील 'ई' अक्षराची युरोपीय खूण किंवा आपले एआयएस ०७२ हे मानक. शिवाय त्या आसनांच्या छातीवर एक जादा क्लिप असते, ती काखेच्या रेषेत नसून पोटावर घसरली तर उलट त्रासच. मी नम्रपणे नकार दिला. मेहुणा म्हणाला, "मग त्या जागेत बदाम आणतो." तेही युरोपीय खुणेचे नव्हते, पण चालले.

गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत लपलेल्या आयसोफिक्सच्या लोखंडी कड्यांवर माझी फार भिस्त होती. आसन त्यांत टक् करून बसते, ओढाताण नाही. इथेही वजाबाकी आडवी आली. आर १२९ या नव्या युरोपीय नियमात केवळ त्या कड्यांच्या भरवशावर बसवलेल्या हार्नेसच्या आसनासाठी आसन आणि मूल मिळून ३३ किलोंची मर्यादा धरलेली आहे. आसनच बारा किलोंचे असेल, तर मुलाच्या वाट्याला एकवीस राहतात. म्हणजे आसन जितके भक्कम, तितके मूल हलके हवे! पंचवीस किलोंपर्यंतच्या हार्नेसचे आसन त्यामुळे गाडीच्या पट्ट्याने आवळूनच बसवायचे होते.

आणि एवढे सगळे किलो झाल्यावर कळले, की बहुतेक मुलांचा हार्नेस किलोंनी संपतच नाही, सेंटिमीटरांनी संपतो. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाच्या खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यावे लागतात. खांदे सर्वांत वरच्या खाचेच्या पुढे गेले, की वजन कितीही असो, खेळ आटोपला. मी कन्येला सोप्यावर भिंतीला टेकवून बसवले, खांद्यावर खतावणी आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ मारली. ३५ सेंटिमीटर. मग दुकानात जाऊन प्रत्येक आसनाची वरची खाच टेपने मोजली. तिसऱ्या आसनाशी मी पोचलो, तेव्हा तिथल्या पोराने विचारले, "अंकल, कव्हर शिवपाचें आसा?" बत्तीस हजारांच्या आसनाची खाच ४३ सेंटिमीटरांवर होती. आठ सेंटिमीटरांची सवड मिळत होती. मी पैसे मोजले.

आसन बसवण्याचा विधी अंगणातल्या फणसाखाली झाला. एक गुडघा आसनात रोवून, सगळे वजन टाकून, दोन्ही हातांनी गाडीचा पट्टा ओढायचा. पट्टा जातो त्या जागी आसन धरून हलवले, तर अडीच सेंटिमीटरांपेक्षा जास्त सरकता कामा नये. माझे सरकत होते. मी आणखी ओढले. गुडघा आसनात, डोके छताला आणि कंबर पुढच्या सीटच्या पाठीत अडकली, तेव्हा कन्येने बाहेरून विचारले, "बाबा, तुम्हीच बसणार?" पुढचा अर्धा तास पत्नीने मला सोडवण्यात घालवला आणि मग आसन स्वतः पाच मिनिटांत बसवले. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये, एवढा तो घट्ट हवा. आई हे चिमटे पाहत होती. "पोरीला श्वास घेऊ दे रे," एवढेच म्हणाली.

पुढच्या सोमवारी आम्ही मंगेशीला निघालो. मागे आसनाशेजारी आई, आईशेजारी आत्या, आणि त्या दोघींमध्ये ओटीचे नारळ, कारण आत्या नारळ डिकीत ठेवू देत नाही. आसनाच्या रुंदीमुळे दोघींना दीड माणसाच्या जागेत बसावे लागले. कन्या मात्र उंचावर, पाच पट्ट्यांत, पालखीतल्या देवासारखी. म्हार्दोळच्या आधी रस्त्यात पुन्हा गाय आली. मी ब्रेक दाबला. कन्या जागची हलली नाही, नारळ आले.

गोव्याच्या हवेसाठी पुस्तिकेत वेगळे पान हवे होते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतले बकल तव्यासारखे तापते, म्हणून आम्ही त्यावर जुना पंचा टाकून ठेवतो. पावसाळ्यात आठवडाभर गाडी बंद राहिली, तर कापडावर बुरशीची पांढरी साय धरते. कव्हर काढून धुता येते, पट्टे मात्र भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्याने नुसते पुसायचे. हे ऐकण्यापूर्वीच आईने ते पट्टे एका रात्री रिठ्याच्या पाण्यात टाकण्याचा बेत केला होता. मी वेळेवर घरी आलो.

गणेश चवथीला सगळे घर जमले. फळाफुलांच्या माटोळीखाली पंगत बसली आणि हळदीच्या पानांतल्या पातोळ्या आल्या. कन्येने पहिली संपवली, दुसरी संपवली, आणि आईने तिसरीवर तुपाची धार धरली, तेव्हा माझ्या तोंडून "पुरे आता" असे निघून गेले.

"का रे? पोट दुखते का तिचे?" आईने विचारले.

पंचवीस वजा सतरा, असे मी सांगू शकलो नाही. पत्नी पानाकडे बघून हसत होती. चौथी पातोळीही गेली. दुसऱ्या दिवशी मी कन्येला घेऊन बाजारात गेलो, भुसारी दुकानदाराने आम्हांला लांबूनच पाहिले आणि काट्यावरचे पोते बाजूला ओढत विचारले, "आज तांदूळ, काय बाय?"