नियमात बसेल असेच बुडा

शेतकरी बंधूंनो, पीक कोणाचेही वाहून जाते. वाहून गेलेले पीक सरकारी मदतीच्या निकषात बसवणे, ही खरी शेती. ती कृषी विद्यापीठात शिकवत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात ढगापासून करा. अतिवृष्टी म्हणजे 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि तो तुमच्या वावरात नव्हे, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पडलेला. तेव्हा ढग दिसला की त्याला आधी तिकडे हजेरी लावायला सांगा. यंत्राच्या गावी रिमझिम झाली असेल तर तुमच्या कंबरभर पाण्यालाही रिमझिमच म्हणायचे. नुकसान किमान 33 टक्के हवे. सोयाबीन बत्तीस टक्केच सडले असेल, तर उरलेल्या शेंगांना विश्वासात घ्या.

मग पंचनामा. पूर्वी यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येत. आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी येतात. माणसे तीच, पाट्या नव्या. (त्यांच्यावर डाफरू नका. एकेकाच्या गळ्यात दोन-तीन गावे असतात, तेही चिखलातच उभे आहेत.) ते येईपर्यंत सडलेले पीक जपून ठेवा, आणि त्याच रानात रब्बीची पेरणीही वेळेवर उरका. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइलवरच्या पीकनोंदीचा, फोटो मात्र पीक उभे असतानाच काढलेला हवा. रेंज नव्हती? मग पीकही नव्हते.

दुभते जनावर दगावले तर 37,500 रुपये, बैलाला 32,000. पण दगावल्याचा पुरावा लागतो. म्हणून म्हशीला आत्ताच शिकवून ठेवा, की बाई, वाहत जायचेच असेल तर डॉक्टरला सापडेल अशा बेताने जा.

आता पैसा. सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. हा आकडा पाठ करा. रोज सकाळी म्हटला की पोट भरल्यासारखे वाटते. त्यानंतर जिरायतीचा दर ऐका, हेक्टरी 8,500. म्हणजे गुंठ्याला 85 रुपये. तुमचे वीस गुंठे, तेव्हा 1,700 रुपये. त्यात सातबारा सामाईक, तीन भावांचा, म्हणून तिघांची संमती. धाकटा सुरतेला असतो, त्याचे येण्या-जाण्याचे भाडे घरचेच. पॅकेजमध्ये हेक्टरांची मर्यादा दोनावरून तीनवर नेली, याचाही आनंद माना. तुम्हाला तिचा काही उपयोग नसला म्हणून काय झाले?

ई-केवायसीला अंगठा उमटत नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. कोळप्याच्या दांड्याने रेषा झिजल्या, त्याला मशीन काय करणार? शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून शेतकरी ओळखपत्र चालते, झिजलेला अंगठा चालत नाही. शिवाय पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खाते बहुधा तुम्ही विसरलेले असते. शोधा. चांगला व्यायाम आहे.

जमीनच खरडून गेली असेल तर तुम्ही भाग्यवान. हेक्टरी 47,000 रोख, आणि माती पुन्हा टाकायला 3 लाखांपर्यंत, पण हे रोजगार हमीतून. माती कुठून आणायची ते विचारू नका. सीनाकाठची असेल तर ती एव्हाना भीमेतून कर्नाटकात पोचली आहे. सातबारा मात्र जागच्या जागी आहे, त्यावर हरभरा पेरा.

राहिले बटाईने करणारे. त्यांना सल्ल्याची गरजच नाही, कारण त्यांचे काहीच नुकसान झालेले नाही. बी, खत, मजुरी, उसनवारी तुमची असेल, पण कागदावर नाव मालकाचे. मालक पुण्यात असतो. मदत त्याच्या खात्यावर जमा होईल, रब्बीच्या बियाण्याचे हेक्टरी 10,000 सुद्धा. त्याला फोन करून अभिनंदन करा, आणि जमलेच तर पुढच्या वर्षीची बटाईही त्याच फोनवर ठरवून घ्या.