डू ॲज डायरेक्टेड

आमच्या शाळेत मी बावीस वर्षांपासून घंटा वाजवतो. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, कडुनिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. हा तुकडा शकुंतलेच्या रुळाचा आहे, असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं त्या रुळालाच माहीत. शकुंतला म्हणजे आमच्या दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरो गेज. इंग्रजांच्या काळात ती वऱ्हाडातला कापूस न्यायला टाकली. इथून मूर्तिजापूर, तिथून मुंबई आणि मुंबईहून बोटीनं मँचेस्टर. कापूस गेला, इंग्रज गेले, आता गाडीही बंद पडली. मागे राहिला हा रुळाचा तुकडा आणि इंग्रजीचा पेपर. तुकडा मी वाजवतो. पेपरानं माझी वाजवली.

झालं असं की, आमचे क्लार्क रिटायर व्हायला आले. हेडमास्तरांनी मला बोलावलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुमची दहावी असती तं..." पुढं बोललेच नाहीत. तो 'तं' दिवसभर माझ्या डोक्यात रुळासारखा लटकला.

नववीत बाप आजारी पडला, वखर माझ्या हाती आला आणि शाळा सुटली. नंतर त्याच शाळेत परत आलो, पण झाडू घेऊन. दहावी करायची तर आता सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देण्यासाठी बोर्डाचा हा फॉर्म असतो. मी भरला आणि दुसऱ्या दिवशी पारावर बातमी.

"सतरा नंबर भरला म्हने यानं!"

"कायचा? पीक विम्याचा?"

"नाई बे, दहावीचा."

"या वयात? मंग विमाच भराले पाह्यजे होता."

मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्रं यांची मला भीती नव्हती. भूमितीचं दुःख सांगण्यात अर्थ नाही, ते सगळ्यांचंच असतं. खरा डोंगर इंग्रजीचा. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत भेटायची. इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. माझी लेक आठवीत आहे, म्हणजे तिचं हे इंग्रजीचं आठवं वर्ष. माझी पाचवी ते नववी अशी पाच. त्यातलं एक वर्ष तर जुने सर बदलून गेलेले आणि नवे सर यायच्या वाटेवर, यातच गेलं. हिशेब केला तर लेक मला चार वर्षांनी सीनियर. ती वागतेही तशीच.

शिकवणी संध्याकाळी, चुलीसमोर. तिच्या हातात लाल पेन. "बाबा, डझ आल्यावर गोज येत नाही. कितीक वेळा सांगू?" मी मान खाली घालतो. शाळेच्या गेटवर उशिरा आलेल्या पोट्ट्यांना मी जसा उभा करतो, तसाच मी उभा. फरक एवढाच, की त्यांचे आई-बाप घरी असतात. इथं लेकीची आई भाकर थापता थापता ऐकत होती आणि मधूनच लेकीला म्हणत होती, "जरासक दमानं घे वं. थकले असतीन ते."

मला इंग्रजी अगदीच येत नव्हती असं नाही. मस्टर, टीसी, बोनाफाईड, जनरल रजिस्टर, कॅज्युअल, डेड स्टॉक हे सगळे शब्द मी बावीस वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर वाहिले आहेत. डेड स्टॉक म्हणजे मोडक्या बाकांची वही, हे मला तोंडपाठ. पण शब्द वाहणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. पोतं उचलणाऱ्याला आत तूर आहे की हरभरा हे वजनावरून कळतं, पण पोत्यावरचं मार्केटचं नाव वाचता येईलच असं नाही. मी मोठ्या तोऱ्यात बोनाफाईड लिहून दाखवलं. लेकीनं त्यात चार दुरुस्त्या केल्या आणि म्हणाली, "पेपरात बोनाफाईड येत नसते, बाबा."

अभ्यासाचं आणखी एक साहित्य माझ्याकडे होतं, ते जरा खासगीत सांगतो. दरवर्षी बोर्डाचा पेपर संपला की शाळेच्या मागची भिंत मीच झाडतो. तिथं मायक्रो पडलेल्या असतात. अपेक्षितच्या पानाची आगपेटीएवढी झेरॉक्स म्हणजे मायक्रो. बावीस वर्षं त्या झाडून कोणते प्रश्न येतात, याचा मला पेपर काढणाऱ्यांपेक्षा जास्त अंदाज आहे. एवढं ज्ञान हाताखालून गेलं, पण मी ते जाळलं. आता वाटतं, पाच-दहा ठेवायला पाहिजे होत्या. कॉपी करायला नाही हो, वाचायला. पण तसल्या बारीक अक्षराला माझा चष्माही पुरला नसता.

पुस्तक उघडलं आणि व्याकरणाचं पान पाहून मी दचकलो. वर लिहिलं होतं, 'डू ॲज डायरेक्टेड'. लेकीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "सांगतीन तसं करा."

बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? गेट उघडा, उघडलं. साहेब आले, चहा सांगा, सांगितला. मुतारीत फिनाइल टाका, टाकलं. या प्रश्नात तरी मला पैकीच्या पैकी मिळायला हरकत नव्हती. पण इथं सांगणारा इंग्रज होता. सांगायचा तेही एका वेळी एकच आणि तेही उलटं. होकारी वाक्य नकारी करा, पण अर्थ बदलू देऊ नका. ही कला आमच्या हेडमास्तरांना येते. रजेचा अर्ज नेला की ते 'नाही' म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात.

मग आला पॅसिव्ह व्हॉइस. लेकीनं मला समजेल असं उदाहरण घेतलं. "हेडमास्तर चहा बोलावतात. पॅसिव्ह करा." मी केलं, चहा बोलावला जातो. ती म्हणाली, "बरोबर." मी त्या दोन वाक्यांकडे बराच वेळ बघत बसलो. पहिल्यात हेडमास्तर आहेत, दुसऱ्यात नुसता चहा. तो घेऊन येणारा दोन्हीकडे नाही.

"बाबा, पुढचं," लेक म्हणाली. पुढचं होतं, रिमूव्ह टू. 'ही इज टू ओल्ड टू लर्न.' म्हणजे तो शिकायला फारच म्हातारा आहे. मी विचारलं, हे पुस्तकातलं आहे की तुझ्या मनातलं? ती म्हणाली, "गाईडातलं आहे." मी टू काढलं आणि लिहिलं, 'ही इज सो ओल्ड दॅट ही कॅनॉट लर्न.' टू गेलं, पण म्हातारा जागच्या जागी. तिनं त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण केली. इतक्या आनंदानं ती करायला नको होती.

पाठांतराला वेळ म्हणजे रात्रीचा. आमच्या फिडरला शेतपंपाची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. जानेवारीत गव्हाचं ओलीत, म्हणून रात्री बाराला मी धुऱ्यावर. डोक्याला बॅटरी, एका हातात फावडं, खिशात प्रीपोझिशनचा कागद. दांड फोडायचा, पाणी वाफ्यात सोडायचं आणि म्हणायचं, इन्टू. पाणी वाफ्यात भरलं की इन. दांडावरून पलीकडं गेलं की ओव्हर. शेजारच्याच्या वावरात घुसलं की मात्र इंग्रजी सुचत नाही, तिथं वऱ्हाडीच लागते. शेजारचे काकाजी एकदा अंधारात थांबून ऐकत होते. सकाळी घरी येऊन बायकोला म्हणाले, "सूनबाई, मालकाले बाहेरचं लागलं काय? रात्री पान्यासंग बोलून राहिले होते."

त्या पुस्तकात विंचू चावल्याची एक कविता आहे. पावसाची रात्र, आईला विंचू डसतो, गावकरी कंदील घेऊन येतात आणि जो तो आपापला उपाय सांगतो. ती वाचताना लेकीला अर्थ सांगावा लागला नाही. माझ्या आजीला असाच खळ्यात चावला होता. एकानं मंत्र टाकला, एकानं कांदा चोळला, एकानं दोरी बांधली, दुसऱ्यानं ती सोडली. आजी रात्रभर ओरडली आणि सकाळी सगळ्यांना चहा करायला उठली. कविता मला पाठ झाली ती धुऱ्यावरच, प्रत्येक पावलाखाली बॅटरी मारत.

पण पेपरात विचारतात ते भलतंच. कवितेचं रसग्रहण करा, यमक कोणतं ते लिहा. विंचू चावलेल्या माणसाच्या घरात यमक कोण पाहतं? लेक म्हणाली, या कवितेत यमकच नाही आणि 'यमक नाही' हेच लिहायचं असतं. मला आश्चर्य वाटलं. बोर्ड जर 'नाही'चेही गुण देत असेल, तर माझ्याकडे अशा नसलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या.

धीर आला तो पासिंगच्या हिशेबानं. तीन भाषांचे मिळून १०५ पडले आणि प्रत्येकीत किमान २५ असले, तरी माणूस भाषांत निघतो. हे कळल्यावर मी इंग्रजीकडून मराठीकडे वळलो आणि निबंध घोटायला लागलो. सावत्र पोराच्या फीसाठी सख्ख्या आईनं बांगडी मोडावी तसं माझं मराठीशी झालं. लेकीला हा हिशेब आवडला नाही. ती म्हणाली, "पंचविसासाठी कोनी अभ्यास करते का?" मी म्हटलं, पस्तिसासाठी अख्खं गाव करते, मी तर दहानं कमीच करून राहिलो.

तोंडी परीक्षा संपर्क केंद्राच्या शाळेत झाली. तिथले सर चांगले होते. म्हणाले, "टेल मी युवर डेली रूटीन." लेकीनं पाठ करून दिलेलं मला एकदम आठवेना. मी म्हटलं, "मॉर्निंग ओपन, इव्हनिंग क्लोज."

"व्हॉट?"

"गेट, सर."

सर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते हसले नाहीत, म्हणून मला बरं वाटलं. बाहेर पडलो तेव्हा आतून आवाज आला. ते नंतर हसले होते.

पेपरच्या दिवशी तालुक्याच्या केंद्रावर वर्गात शिरलो, तर अख्खा वर्ग उभा. "गुड मॉर्निंग सर!" शेवटच्या बाकावरच्या पोट्ट्यानं मोज्यातलं काहीतरी घाईघाईनं पॅडखाली सरकवलं. ती जागा मला जुनी माहीत. मी जाऊन त्याच्याच शेजारच्या ओळीत बसलो. त्यानं घाबरून विचारलं, "सर, चेकिंग हाये का?" म्हटलं, "नाई बे. मी पन लिहालेच आलो." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जशी भरारी पथकाची ही नवीच युक्ती असावी.

पर्यवेक्षक मॅडम आल्या. "पालकांनी बाहेर थांबा." मी हॉल तिकीट दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला.

अकराला पेपर सुरू झाला. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी वाचायला मिळायचा. २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटी वाढवून देतात, म्हणून आता सुटायचं दोन वाजून दहाला. हे सगळं मला पाठ, कारण ते वाढीव टोल मीच देतो. पण आत बसून टोल ऐकणं काही वेगळंच. अर्ध्या तासाचा टोल पडला आणि मी ताडकन उभा राहिलो.

"काय झालं?" मॅडम.

"काही नाही. सवय."

शिवाय टोल दीड मिनिट उशिरा पडला होता. पण ते मॅडमना सांगण्यात अर्थ नव्हता.

उताऱ्यात शिरलो होतो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "काका, पाणी द्या बरं." मी पेन ठेवून उठलो. दोन पावलं गेल्यावर दिसलं, दारात इथला शिपाई बादली-पेला घेऊन उभा आहे. मॅडम त्याला म्हणाल्या होत्या. दोन काका समोरासमोर. माझ्यापेक्षा तो वयानं थोडा मोठाच. त्यानं मला पाहिलं, बाकावरचं माझं हॉल तिकीट पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बसा तुमी. मी हाओ ना." मग वर्गात पहिला पेला त्यानं मला दिला. पाणी कोमट होतं. माठ उन्हात ठेवला असावा. आमच्याकडे मी तो पोर्चमध्ये ठेवतो.

पुरवणी बांधायला मात्र माझ्यासारखा वर्गात कोणी नव्हता. दोरा ओवून गाठ मारायला मला तीन सेकंद लागले. मोजेवाला पोट्टा गाठीशी झटत होता. मॅडमना विचारून त्याचीही बांधून दिली. त्या उपकाराखातर त्यानं पॅडखालचा कागद माझ्याकडे सरकवायचा प्रयत्न केला. मी डोळे वटारले. एवढ्या वर्षांच्या झाडलोटीचा तेवढा वचक शिल्लक आहे.

शेवटी पत्र आलं. गावातल्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, तक्रार करा. पत्रांचं मी काय सांगू? तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत हजारो पत्रं नेली, पोच आणली. लिहिलं मात्र एकही नव्हतं. सावकाश लिहिलं. तारीख, पत्ता, विषय, डिअर सर. दिवे बंद आहेत, अंधारात विंचू चावतात, हेही घातलं. तेवढ्यात शेवटचा टोल पडला. तो वेळेवर होता.

निकाल अजून लागायचा आहे. घरी आलो तर लेक दारातच पेपर मागायला उभी. एकेक प्रश्न विचारत गेली, कपाळाला हात लावत गेली. पत्रापाशी आली.

"पत्राले तारीख टाकली ना? पत्ता? विषय?"

"टाकला. वर कोपऱ्यात जावक नंबर पन टाकला."

"जावक नंबर? बाबा, पेपरात?"

"हाव. टाकल्याशिवाय पत्र निघत नाही."

तिनं लाल पेन कानावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती टाकला?"

"एक."